तारीख मिळालेले संत

सांगलीतले लोक आमच्या वाट्याला एकच सण देतात, नाताळ. "तुमचं बरं आहे बाई, डिसेंबरात एकदा केक केला की वर्षभर सुटलात," असं शेजारच्या काकू दर भाद्रपदात म्हणतात. त्या वेळी त्यांच्या एका हातात गौरींच्या फराळाची यादी असते आणि दुसऱ्या हातात बेसनाचा डबा, म्हणून मी वाद घालत नाही. स्वयंपाकघराच्या दारामागचं कालनिर्णय तेवढं दाखवते.

जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली हे कॅलेंडर काढलं, तेव्हा एका चौकोनात किती संसार मावतो याचा त्यांना अंदाज असणारच. आमच्या सासूबाई तरीही त्याची परीक्षा बघतात. तिथी, नक्षत्र, संकष्टी यांच्यातून जी जागा उरते तिच्यात दुधाचा खाडा, गॅसचा नंबर लावल्याची खूण आणि लाल पेनाने त्या दिवसाचा संत. १३ जूनच्या चौकोनात 'अँथनी' आणि त्याखाली 'दूध नाही' असं लिहिलेलं होतं. तेव्हा नव्यानेच कामाला लागलेल्या मावशींनी ते वाचलं आणि अँथनी हा आमचा दूधवाला असं त्या धरून चालल्या. पुढे कितीतरी दिवस "तुमचा अँथनी लई खाडं करतोय बघा" असं त्या कळवळून सांगायच्या.

चर्चच्या दिनदर्शिकेत जवळपास रोज कोणी ना कोणी संत आहेच, कधी कधी तर एकाच दिवशी दोघंतिघं दाटीवाटीने. सगळे पाळायचे म्हटलं तर घरात कुणाला नोकरी करता यायची नाही. त्यामुळे प्रत्येक घर आपापले निवडतं. ज्याचं नाव मुलाला दिलं तो, ज्याला कधीकाळी नवस बोलला तो, ज्याच्या नावाचं आपलं चर्च तो, आणि मारियामातेचे मात्र झाडून सगळे.

संताचा सण म्हणजे बहुतेक वेळा त्याच्या मृत्यूचा दिवस. बाहेरच्या माणसाला हे ऐकून कसंतरीच वाटतं, सातारकडच्याला वाटत नाही. सज्जनगडावर माघात दासनवमीला माणूस लोटतो तो समर्थांच्या निर्वाणाच्या तिथीला, आणि गोंदवल्याला मार्गशीर्षात रीघ लागते ती ब्रह्मचैतन्य महाराजांच्या पुण्यतिथीला. माणूस संत होता हे तो गेल्यावरच कळतं, जिवंतपणी घरच्यांना नुसता त्रास होतो, असं सासूबाईंचं मत आहे. जन्मदिवसाचा मान आमच्याकडे तिघांनाच : खुद्द येशू, बाप्तिस्मा देणारा योहान आणि मारिया. बाकीच्यांनी आधी मरून दाखवायचं.

तारखांचे घोळ ही काही एकट्या पंचांगाची मिरास नाही. आविलाची संत तेरेजा ४ ऑक्टोबर १५८२च्या रात्री वारली आणि तिचा सण येतो १५ ऑक्टोबरला. तेराव्या ग्रेगरी पोपनी दुरुस्त केलेलं कॅलेंडर नेमकं त्याच रात्री लागू झालं आणि चार तारखेनंतरची सकाळ उजाडली ती एकदम पंधराला. शेजारच्या काकांना पंचांगाचा भारी नाद. मधले दहा दिवस कुठे गेले हे मी त्यांना समजावायला लागले, तर त्यांनी मला हातानेच थांबवलं. "क्षयतिथी," ते म्हणाले. मग बोटांवर मोजून, "दहा! बाप रे." तेव्हापासून त्या बाईंबद्दल त्यांना घरच्यासारखी आपुलकी आहे. १५ ऑक्टोबरला आठवणीने विचारतात, "आज तुमच्या क्षयतिथीवाल्या ना?"

माझं माहेर वसईचं. तिथे सण करावा लागत नाही, तो होतो. घंटा वाजते, बँड वाजतो, मिरवणूक निघते, सकाळपासून नातेवाइकांची ये-जा सुरू होते, गल्लीभर इंद्यालचा वास सुटतो. आपण फक्त नवी साडी नेसून बाहेर पडायचं. वसईने संत नुसते पाळले नाहीत, एक पुरवलाही. गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीत क्रुसावर गेला आणि १८६२ साली संत म्हणून जाहीर झाला, भारतात जन्मलेला पहिला संत. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात त्याचा सण येतो, तेव्हा माहेरच्या माणसाचं सासरी नीट होतंय ना, यावर माझं बारीक लक्ष असतं. सासूबाईंना ते माहीत आहे. त्या दिवशी त्या माझ्या भाजीला नावं ठेवत नाहीत.

सासरची गोष्ट निराळी. महाबळेश्वरला १८३१ सालचं होली क्रॉस चर्च आहे, पाचगणीला १८९५पासूनचं सेंट जोसेफ कॉन्व्हेंट आहे, पण घाट उतरून खाली आलं की ख्रिस्ती माणूस म्हणजे बहुधा प्रॉटेस्टंट. मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली मिशनचं रुग्णालय उभारलं. साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम, आणि तिथेच १९१७ साली रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आपला 'देवाचा दरबार' मांडला. आम्ही कॅथलिक त्यामानाने मागून आलेलो. कुणी रेल्वेतून मिरज जंक्शनला बदलून आलेला, कुणी केरळातून नर्सिंगला आलेली, कुणी गोव्याचा. माझे सासरे नगरकडून रेल्वेच्या नोकरीला आले आणि कृष्णेच्या पाण्याला चिकटले. फादर एक आणि त्यांना माणसं चार दिशांना पांगलेली. माहेरी चर्च सण करायचं आणि घर त्यात सामील व्हायचं. इथे घर सण करतं आणि फादरना जमलं तर ते सामील होतात.

माझी नणंद साताऱ्यात प्रॉटेस्टंट घरात दिली आहे. त्या घरी संतांचे सण नाहीत, त्यामुळे कॅलेंडर कोरं आणि तब्येती उत्तम. तिचे सासरे जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. मारियामातेबद्दल त्यांना आदर आहे, फक्त त्यांचं म्हणणं असं की अर्ज थेट साहेबांच्या हातात द्यावा, मधली टेबलं वाढवू नयेत. यावर आमच्या सासूबाई थंडपणे म्हणतात, "साहेबांच्या आईने शब्द टाकला की फाईल हलते, हे इतकी वर्षं नोकरी करून व्याह्यांना कळलं नाही?" आणि मग दरवेळी काना गावचं लग्न निघतं.

ते लग्न योहानाच्या शुभवर्तमानात दुसऱ्याच अध्यायात आहे. पंगत ऐन रंगात आलेली आणि द्राक्षारस संपलेला. नवरदेवाला पत्ता नाही, भोजनाच्या कारभाऱ्याला पत्ता नाही. कळलं कुणाला, तर पाहुणी म्हणून आलेल्या मारियेला. तिने मुलाच्या कानावर घातलं. मुलगा म्हणाला, माझी वेळ अजून आलेली नाही. आई ते ऐकलंच नाही असं दाखवून वाढप्यांकडे वळली आणि तो सांगेल तसं करा म्हणाली. पुढे सहा दगडी रांजणांतल्या पाण्याचा द्राक्षारस झाला, त्याचं कौतुक जगभर झालं. सासूबाईंना कौतुक त्याच्या आधीचं. दुसऱ्याच्या कार्यात जेवायला बसलेली असताना तिचं लक्ष स्वतःच्या ताटाकडे नव्हतं, आतल्या भांड्याच्या तळाकडे होतं. शेवटची पंगत उठेपर्यंत श्रीखंड पुरेल की नाही या धास्तीने जिचा जीव कधी वरखाली झाला असेल, तिलाच हे दिसतं. यावर सातारचे व्याही काही बोलत नाहीत, कारण त्यांच्या मुलाच्या लग्नात मठ्ठा कमी पडला होता आणि ते पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं हे त्यांना चांगलं आठवतं.

संतांची खाती वाटून दिलेली आहेत. ब्लेझकडे घसा : ३ फेब्रुवारीला दोन मेणबत्त्या फुलीसारख्या गळ्याशी धरून आशीर्वाद देतात. अपोलोनियाकडे दात, लुसीकडे डोळे, यहूदा तदेवाकडे सगळीकडून फिरून आलेली अशक्य कामं. शतकं लोटली, अजून एकानेही खातं बदलून मागितलेलं नाही, असं मंत्रिमंडळ दुसरं नसेल.

अँथनीकडे हरवलेल्या वस्तू. त्याचा सण १३ जूनला आणि शाळा उघडतात त्याच सुमारास, हे खातं ज्याने त्याला दिलं त्याला शाळेत जाणारी पोरं असावीत. रेनकोट, डब्याचं झाकण, पाण्याची बाटली, एकाच पायातला गमबूट, सगळं त्या पंधरवड्यात बेपत्ता होतं. वस्तू सापडली की गरिबाला भाकरी द्यायची, अशी अँथनीची जुनी रीत आहे. सासूबाईंनी तिचा नियम केला : वस्तू ज्याची हरवली, भाकरीचे पैसे त्याच्या खाऊतून. एवढं कडक केल्यावर माझ्या मुलाने 'हरवलंच नव्हतं, मीच ठेवलं होतं' अशी नवी भूमिका घेतली. अँथनीला एवढ्या वर्षांत असा भक्त भेटला नसेल.

१९ मार्च योसेफाचा. सुतार, कष्टाळू, आणि चारही शुभवर्तमानांत एक शब्दसुद्धा न बोललेला नवरा. सासूबाईंच्या मते आदर्श. त्याला देवाचे निरोप यायचे ते झोपेत. पोप फ्रान्सिस यांच्याकडे झोपलेल्या योसेफाची मूर्ती होती, काही अडचण आली की ते चिठ्ठी लिहून तिच्याखाली सरकवायचे. २०१५ साली मनिलात त्यांनी हे कुटुंबांसमोर सांगितलं आणि आमच्या घरात अनर्थ झाला. रविवारी दुपारी यजमानांना हाक मारली तर डोळे न उघडता म्हणतात, "चिठ्ठी ठेव." २०२६चा गुढीपाडवा नेमका १९ मार्चलाच येतो. त्या दिवशी समोरच्यांची गुढी बांधायला शिडी धरायची म्हणजे लवकर उठणं आलं. दोन सण एका दिवशी आले की असा न्याय होतो.

२९ जुलै मार्थेचा. तिची बहीण येशूच्या पायाशी बसून ऐकत राहिली आणि ही आत एकटी राबली, तक्रार केली तर वर दोन शब्द ऐकून घेतले. म्हणून तिच्या सणाला आमच्याकडे घरच्या बायकांनी ओट्याला हात लावायचा नाही. पिठलं-भात पुरुष करतात. पिठल्यात गुठळ्या असतात, त्या मोजायच्या नाहीत, असा संकेत आहे. २०२१ साली रोमहून आदेश निघाला की हा दिवस यापुढे मार्था, मारिया आणि लाजार या तिन्ही भावंडांचा. सासूबाईंनी वाचलं आणि चष्मा काढला. "वर्षातला एक दिवस होता बिचारीला, त्यातही बहीण-भाऊ आले जेवायला."

ऑगस्टच्या शेवटी मोनिका आणि ऑगस्टिन, मायलेक, सत्तावीस आणि अठ्ठावीस. वाया गेलेल्या मुलासाठी तिने वर्षानुवर्षं डोळ्यांतून पाणी काढलं, तेव्हा कुठे तो थोर झाला. ग्रंथ मुलाचे, कीर्ती मुलाची, पण कॅलेंडरात आई एक दिवस पुढे. यावर आमच्या घरी दरसाल जे सूचक मौन पाळलं जातं ते फक्त माझ्या यजमानांना समजतं.

आणि १५ मेला इसिदोर, स्पेनमधला शेतगडी. १२ मार्च १६२२ रोजी इग्नेशियस, फ्रान्सिस झेवियर, तेरेजा, फिलिप नेरी या बड्या नावांच्या ओळीत त्यालाही संत म्हणून जाहीर केलं. तो प्रार्थनेत रमला की देवदूत येऊन त्याचा नांगर धरायचे, अशी कथा आहे. आमचा दूधवाला, खरा दूधवाला, हळदही करतो. त्याला ही गोष्ट सांगितल्यावर त्याला नवल वाटलं नाही. "आमच्या जनाबाईचं दळण दळलं की पांडुरंगानं," तो म्हणाला. किटली उचलता उचलता पुढे म्हणाला, "हळदीच्या लावणीला त्यातलं दोन देवदूत मिळत्यात का बघा. रोजाला कमी करत न्हाई."

अशी वर्षं गेली तेव्हा माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. हे सण संतांना फारसे लागत नाहीत, त्यांचं बरं चाललंय. घरातल्या एकेका माणसाला वर्षातून एकदा मध्ये बसवायची ही सोय आहे. योसेफाच्या दिवशी बापाला, मार्थेच्या दिवशी रांधणारीला, अँथनीच्या दिवशी वेंधळ्या पोराला, २६ जुलैला मारियेचे आईबाप आन्ना आणि योवाकीम यांच्या निमित्ताने आजीला. वाढदिवसाला माणूस आपलं कौतुक मागून घेतो. इथे ते दुसऱ्याच्या नावाने येतं, त्यामुळे नको म्हणता येत नाही. आन्नाच्या दिवशी सासूबाईंच्या पाया पडायला गेलं तर "मला कशाला, आन्नाबाईला करा," म्हणतात आणि पाय पुढे करतात.

मारियामातेचं वर्ष मात्र सगळ्यांचं. मे महिना तिचा. उन्हं कलली की अंगणात पाणी मारायचं, सतरंजी टाकायची आणि जपमाळ धरायची. माळेत एकोणसाठ मणी, पाच दशकं. पहिल्या दशकात मुलं भाविक असतात, दुसऱ्यात एकमेकांना चिमटे काढतात, तिसऱ्यात आडवी होतात. चौथ्यात शेजारच्या मालिकेचं शीर्षकगीत सुरू होतं आणि सासूबाईंचा 'नमो मारिया' त्याच्या वरच्या पट्टीत जातो. त्यांची माळ लाकडी मण्यांची, बोटांनी घासून गुळगुळीत झालेली. तिच्यातला एक मणी कधीतरी निसटला. त्या जागी त्यांनी आपल्या मंगळसूत्रातला काळा मणी ओवला. तिथे बोट आलं की त्या जराशा थांबतात आणि सासऱ्यांचं नाव न घेता पुढच्या मण्यावर जातात. मुलांना वाटतं, आजी तिथे मोजणी चुकते.

३१ मे हा मारिया आपल्या गरोदर नातलगीण एलिझाबेथला भेटायला गेली त्याचा सण. बाळंतपणाला मदत करायला डोंगर चढून गेलेली ही मुलगी स्वतःही पोटुशी होती. तिचा आवाज ऐकून एलिझाबेथच्या पोटातल्या योहानाने आनंदाने उडी मारली, म्हणून गोव्यात २४ जूनला सांजावला पोरं डोक्यावर फुलापानांची कोपेलं चढवून विहिरींत उड्या टाकतात. आमच्याकडे विहिरीत उडी मारायला आई सोडत नाही. पण त्याच सुमाराला, पंचांग नेईल तसं थोडं मागेपुढे, माउलींच्या पादुका नीरेच्या पात्रात स्नान करून सातारा जिल्ह्यात येतात आणि पालखी लोणंदला विसावते. नणंद तिथे वारकऱ्यांना चहा द्यायला उभी असते. पाण्याशी नातं सांगणाऱ्या संताचा दिवस आणि पाण्यात पाय धुऊन आलेली वारी, तिला यात निराळं काही करावं लागत नाही. चहाचं आधण तेवढं वाढवायचं.

१५ ऑगस्टला मारियेच्या स्वर्गारोहणाचा सण, म्हणजे ध्वजवंदन करून मिस्सा की मिस्सा करून ध्वजवंदन, हा एकच वादाचा मुद्दा. २०१९ साली त्यात राखीपौर्णिमाही आली. आठवडाभरापूर्वी कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ते ओसरलं आणि मागे उरला तो चिखल, घराघरांत, कपाटांत, देवघरांत. त्या वर्षी आमच्याकडे गोड झालं नाही. सासूबाईंनी खिचडीचं मोठं पातेलं चढवलं आणि गल्लीत ज्यांच्या चुली अजून ओल्या होत्या त्यांच्याकडे धाडलं. काकूंच्या मुलीने हातात सापडेल तो दोरा घेऊन माझ्या मुलाला राखी बांधली. कुणाच्या घरात काय संपलंय, हे त्या दिवशी विचारायला लागत नव्हतं.

८ सप्टेंबर हा मारियेचा वाढदिवस, आणि आमच्या गल्लीत तो एकट्या मारियेचा कधीच नसतो. २०१६ साली त्याच दिवशी गौरींचं आवाहन होतं. काकूंकडे दोघी बहिणी साड्या नेसून उभ्या आणि आमच्याकडे निळा पदर घेतलेली ही. वेलांकण्णीच्या मातेला तर साडीच नेसवतात, त्यामुळे काकूंना ती चौकशी करण्याजोगी नातेवाईक वाटली. "माहेरी आल्यात का?" त्यांनी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "ही कायमचीच इथे असते." २०२४ला हा दिवस ऋषिपंचमीला आला, तेव्हा काकूंकडून ऋषीच्या भाजीची वाटी आली. बैलाच्या कष्टाची एक काडी नसलेली ती भाजी आणि आमचा केक एकाच ताटात बसले. चवीला जमलं नाही, पण कुणी टाकलं नाही.

याच महिन्यात नगर जिल्ह्यात श्रीरामपूरजवळ हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. सासरच्यांचं मूळ तिकडचं, म्हणून जमेल त्या वर्षी आम्ही जातो. नारळ, पाळणे, खेळणी, नवस फेडायला आलेल्या लेकुरवाळ्या, आणि मतमाउली कोणत्या धर्माची हे विचारण्याची कुणालाच गरज नाही. परतताना सासूबाई सातारी कंदी पेढे घ्यायला लावतात. यात्रा एकीकडे, पेढे दुसरीकडे, वाट वाकडी होते. पण प्रसाद म्हणून कंदी पेढाच चालतो, असा त्यांचा स्वतंत्र धर्मसिद्धांत आहे.

ऑक्टोबर पुन्हा जपमाळेचा, आणि बहुतेक वर्षी नवरात्रही त्यातच. काकूंकडे नऊ दिवस दिवा, आमच्याकडे महिनाभर माळ. माळ संपली की मारियेची नामावळी येते, एकेक उपाधी म्हणायची आणि बाकीच्यांनी ठरलेला जबाब द्यायचा. मुलांना हा भाग आवडतो, कारण जबाब झोपेतही देता येतो. २०२०च्या जूनमध्ये, टाळेबंदीत माणसं रस्त्याने चालत गावी निघाली होती त्या उन्हाळ्याच्या शेवटी, पोप फ्रान्सिस यांनी या नामावळीत तीन नव्या उपाध्या घातल्या. एक दयेची माता, एक आशेची माता, आणि एक स्थलांतरितांचा दिलासा. ऑक्टोबर सरता सरता आमच्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बीडकडची माणसं, कोपी टाकून, मुलंबाळं घेऊन. ती उपाधी म्हणताना माझ्या मुलीने एकदा मध्येच विचारलं, "कोपीतल्या मुलांचा पण?" माळ थांबली. सासूबाईंनी जुन्या स्वेटरांचं गाठोडं कुठे ठेवलंय ते सांगितलं आणि मग पुढची उपाधी घेतली.

उपवासांचं गणित मात्र शेजाऱ्यांशी कधीच जुळत नाही. त्यांच्या श्रावणात आमच्याकडे रविवारी मटण शिजतं आणि वासाने काकांचं पारायण चुकतं. आमचा उपवासकाळ फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होणारा, तेव्हा त्यांच्याकडून रस्सा येतो आणि आम्ही तो झाकून ठेवून शुक्रवार उलटायची वाट बघतो. त्यांची जशी गटारी, तशी राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी आमची गुळाची धिरडी. दोन्ही घरांनी एकमेकांचं सोवळं मोडायचा प्रयत्न वर्षानुवर्षं चालवला आहे आणि त्यातून मैत्री घट्ट झाली आहे.

मुलं आता मोठी होत चालली. सगळे संत लक्षात ठेवणं त्यांना जमत नाही आणि जमवायची त्यांची इच्छाही नाही. सकाळी दारामागे डोकावून "आज कोण?" एवढं विचारतात, आणि गोड काही असेल तर भक्ती दाखवतात. मला त्यात वावगं वाटत नाही. आमचीही सुरुवात पोटापासूनच झाली होती.

त्यांना सगळ्यात आवडतो १ नोव्हेंबर, सर्व संतांचा सण. कॅलेंडरात ज्यांना चौकोन मिळाला नाही, ज्यांची नावं रोमपर्यंत पोचली नाहीत, त्या सगळ्यांचा मिळून एक दिवस. आमच्याकडे त्या दिवशी कुणालाही जेवायला बोलावता येतं, निमित्त सांगावं लागत नाही. मावशी, दूधवाला, सिलिंडर वर चढवणारा पोऱ्या, काका-काकू, सातारचे व्याही. व्याह्यांचं मत असं की संतच पाळायचे तर हा एक दिवस पुरे, सगळे एकदम निकालात निघतात. २०२४ साली या दिवशी लक्ष्मीपूजन आलं, तेव्हा पाहुण्यांचे दोन गट करून आधी आमच्याकडे जेवण आणि मग काकूंकडे फराळ अशी वाटणी झाली. मावशींनी त्या दिवशी अँथनी कुठे आहे अशी चौकशी केली. खऱ्या दूधवाल्याने मान खाली घालून भात कालवला.

त्या सकाळीच मी सासूबाईंना म्हटलं होतं, एवढ्या माणसांचा स्वयंपाक एका दिवसात करायचा म्हणजे जास्तच होतं, थोडं आटोपशीर करू या. त्यांनी पोळी लाटणं थांबवलं नाही. "बाकीच्यांना तारखा मिळालेल्या आहेत," त्या म्हणाल्या. "आपला नंबर लागला तर याच दिवशी लागणार. पुढच्यांना सवय राहील असा करून ठेवा."